सारवलेल्या अंगणात क्रेन

आमच्या घराण्यात झाडावर न चढलेला मी पहिलाच पुरुष. आबा चढायचे, आबांचे वडील चढायचे, आणि थोरला भाऊ, दादा, तर नीट चालायला लागायच्या आधीच पडवीच्या खांबाला मिठी मारून वर सरकत होता, असं आई सांगायची. मी स्टुलावर उभा राहून ट्यूब बदलायला लागलो की बायको खाली स्टूल धरून बसते आणि पोरांना हाक मारते, की या रे, बाबा वर गेलेत, बघून घ्या. तरीही भोरात कुणी माझं घर विचारलं तर लोक ‘ते झाडवाले’ म्हणूनच दाखवतात. न पोहणाऱ्या माणसाला कोळी म्हणावं, तसं ते आहे.

आमचा धंदा धोक्याची झाडं उतरवायचा. उतरवायचा म्हणतो, कारण पाडणं वेगळं. रानातलं झाड कुणीही पाडतं. घरावर झुकलेलं, शाळेच्या पत्र्यावर आलेलं, विजेच्या तारांत शिरलेलं झाड वरून खाली, फांदी फांदी करून उतरवावं लागतं. दादा वर असायचा आणि मी खाली. परवानगीचे अर्ज मी करायचो, फोन मी घ्यायचो, घरमालकाला गप्पांत गुंतवून झाडाखालून लांब ठेवायचं काम माझंच. शिवाय शिट्टी माझ्याकडं. क्रेनवाल्याला वर-खाली, थांब, हे सगळं एकाच माणसानं सांगायचं असा दादाचा नियम. दहा जण ओरडायला लागले तर क्रेनवाला कुणाचं ऐकणार? खालच्या सगळ्या कामांत शिट्टी सगळ्यात बिनधोक, म्हणून ती माझ्या गळ्यात आली.

हे सगळं सांगायचं कारण माझ्या धाकट्या बहिणीचं घर. हिर्डोशीला, रस्ता सोडून थोडं वर, बांधाला टेकून ते घर होतं. दगडाचं जोतं, मातीत रचलेल्या भिंती, वर कौलं, पुढं आणि एका बाजूनं मागपर्यंत पत्र्याची पडवी, खाली भाताची खाचरं. तिचं लग्न होऊन ती त्या घरात गेली तेव्हा मी तिला म्हणालो होतो, एसटी दिवसातनं कधीतरी येते, पावसाळ्यात तेवढीही नाही, तू इथं राहणार कशी. राहिली. मलाच दर वेळी तिच्याकडं जाताना चढावर दम लागायचा आणि तीच पाण्याचा तांब्या घेऊन खाली सामोरी यायची.

घराच्या मागच्या अंगाला, पडवीच्याच बाजूच्या कोपऱ्याशी, बांधावर, बेहड्याचं झाड. घराच्या आधीपासूनचं. बेहड्याखाली निजू नये, त्यावर काहीबाही असतं, असं आमच्याकडं म्हणतात. तिच्या सासरच्यांनी त्याच्या बुडाशी एक दगड मांडून शेंदूर लावला होता आणि त्याच्याशी मिटवून घेतलं होतं. झाडानंही इतकी वर्षं काही काढलं नाही. मग दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, दारापर्यंत टेम्पो यावा म्हणून वाट रुंद करून घेतली. जेसीबीनं बांध तासला. बांधात बेहड्याच्या मुळ्या होत्या, त्याही तासल्या गेल्या. जेसीबीवाला म्हणाला, जुनं झाड आहे, त्याला काय होतंय.

काय होतंय ते बहिणीला पहिल्यांदा कळलं, आणि तेही धुण्यामुळं. बेहड्याच्या बुंध्यापासून पडवीच्या खांबापर्यंत तिनं दोरी बांधली होती. त्या पावसाळ्यात दोरी सैल पडायला लागली. तिला वाटलं, दोरीच ताणली गेली. तिनं पीळ देऊन ताठ केली. काही दिवसांनी ओल्या गोधडीचं टोक पुन्हा जमिनीला लागलं. पुन्हा पीळ दिला. असं होता होता एक दिवस ती दोरीकडं बघत उभी राहिली आणि तिच्या ध्यानात आलं की दोरी होती तेवढीच आहे, झाड जवळ आलंय.

तिनं मला फोन केला. दादाला केला नाही, कारण दादा लगेच निघून येईल आणि जेवणार नाही, मी जेवून निघेन, एवढा हिशोब तिला होता.

जेवून मी दादाला घेऊन गेलो. दादा बेहड्याभोवती फिरला. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, बुंधा ठोकत गेला. एका बाजूला आवाज भरीव, घराच्या बाजूला मडक्यासारखा. मग तो वर बघत बराच वेळ उभा राहिला आणि दाजींना म्हणाला, की दोरानं हे उतरायचं नाही. फांदी सोडायला जागाच नाही, जी सोडाल ती कौलांवर जाणार. आणि आतून पोकळ, म्हणजे वरून फांदीला हिसका बसला तर बुंधाच चिरेल. क्रेननं फांदी आधी उचलून धरायची, मग कापायची, मग अल्लाद खाली.

आता कुठली क्रेन, यावर पडवीत चर्चासत्र बसलं. दाजींच्या एका दोस्ताकडं हायड्रा होती, कारखान्यांत लोखंड इकडून तिकडं नेते ती. तो फुकट यायला तयार होता. दादानं ऐकूनच घेतलं नाही. तो म्हणाला, हायड्रा म्हणजे ओझं घेऊन चालणारी म्हैस. सपाटीवर ठीक. तिला टेकायला पाय नसतात, ती रबरी चाकांवर डुलते. फांदी हवेत आणि म्हैस डुलतेय, अशा वेळी मी वर बसणार नाही. हायवेवरून मोठी क्रेन आणावी, तर ती वाटेतल्या ओढ्याच्या मोरीवरच अडकली असती. राहिली मधली. ट्रकवर बसवलेली, चार पाय बाजूला काढून जमिनीत रोवणारी. ती होती चाचांकडं.

चाचा हायवेच्या वस्तीतले. वयानं माझ्याएवढेच, पण दाढी लवकर पांढरी झाल्यामुळं सगळ्या तालुक्याचे चाचा. दादा वर आणि चाचा खाली, अशी कितीतरी झाडं आम्ही उतरवली होती. चाचांच्या केबिनमध्ये एक तक्ता चिकटवलेला असायचा, हात किती लांब केला की किती वजन उचलायचं त्याचा. मला तो कधी कळला नव्हता. माझं म्हणणं, क्रेन अमुक टनाची, तर ती तेवढं उचलणारच. मग दादानं एकदा घरी मला पाण्यानं भरलेली बादली पोटाशी धरायला लावली. धरली. म्हणाला, आता हात पुढं लांब कर. मी केला. बादली वहिनींच्या पायांवर उलटली. तेव्हापासून आमच्या घरात क्रेनचा विषय निघाला की वहिनी पाय वर घेऊन बसतात.

तर मधली क्रेन ठरली. तिचा हात तसा आखूड. घरामागच्या फांद्यांपर्यंत पोचायचं तर तिला वाटेवर उभं राहून चालणार नव्हतं, अंगणातच घ्यावी लागणार होती. आणि अंगणातून हात वर काढायला आधी वाटेकडच्या फांद्या काढून जागा करायची, मग घराकडच्या उचलायच्या. दादानं सगळं काडीनं मातीत काढून दाखवलं. दाजींनी मान हलवली. मी पण हलवली.

आता आमच्या भागातली एक रीत सांगतो, कारण सगळं तिथं येऊन अडतं. दारातलं झाड काढायचं असलं तर आदल्या दिवशी त्याला सांगतात. हळदकुंकू वाहतात, नारळ ठेवतात, इतकी वर्षं सांभाळलंस, आता जा, म्हणतात. लेक सासरी जाताना करतात तसं घरदार लख्ख करतात. बहिणीनं आणि तिच्या सासूबाईंनी पहाटे उठून सगळं अंगण शेणानं सारवलं. पडवीपासून थेट वाटेपर्यंत. वर रांगोळी. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ते अंगण नव्या परातीसारखं दिसत होतं. चाचांनी क्रेन कडेलाच थांबवली, खाली उतरताना चपला बाहेर काढल्या आणि मला म्हणाले, "एवढ्या साफ अंगणात ही गाडी घालू कशी? गुन्हा वाटतोय."

गाडी घालावीच लागली. बहिणीनं हसत वाट करून दिली. क्रेनचे चारी पाय बाहेर निघाले. प्रत्येक पायाखाली टाकायला चाचांनी लाकडाचे जाड ठोकळे आणले होते.

दादाची एक सवय होती. क्रेनचा पाय जिथं टेकणार तिथं तो आधी पहार मारायचा. नुसती टेकवायचा नाही, दोन्ही हातांनी उचलून मारायचा. आवाजावरून आणि हाताला बसणाऱ्या झटक्यावरून खालचं कळतं म्हणायचा. पालीला गडाखाली एका हॉटेलवाल्याच्या दारात त्यानं नव्या कोऱ्या फरशा उचकटून पहार मारली होती. हॉटेलवाला भांडायला उठला, गडावर निघालेली पोरं मोबाईल काढून शूटिंग करायला लागली, आणि मी मध्ये पडून त्या माणसाला आमच्या आजोबांची गोष्ट सांगत बसलो. दादानं मान वर केली नाही. फरशीखाली पोकळ निघालं नाही, पण त्यानं बघितलं.

हिर्डोशीच्या अंगणातही तो पहार घेऊन उतरला. दोन्ही हातांत धरली. खाली ओलसर, बोटं उमटलेलं सारवण, त्यावर ठिपक्यांची रांगोळी. समोर उंबऱ्यात बहिणीच्या सासूबाई पदर डोक्यावर घेऊन उभ्या. ते लेकीचं सासर. तिथं आम्ही भाऊ असलो तरी मान खाली घालूनच जातो. विहिणीनं हातानं सारवलेल्या अंगणात, ते वाळायच्या आत, लेकीच्या भावानं पहार मारायची, हे आमच्यात बसत नाही. कुणी त्याला नको म्हणालं नाही. कुणी म्हणणारही नव्हतं. दादानं पहार हळूच भिंतीला लावून ठेवली आणि दाजींना विचारलं, की खाली कसं आहे.

"कातळ हाय, दादा," दाजी म्हणाले. "हितं हीर खांदाय गेलो तर सुरुंग लावाय लागला."

ते खरंच होतं. सगळ्या अंगणाखाली कातळ होता, एक गोल सोडून.

वाटेकडच्या फांद्या सुरेख निघाल्या. दादा वर बेल्टानं बुंध्याला बांधलेला, हेल्मेट, कमरेला लाकूड कापायचा पेट्रोलचा कटर लटकवलेला. तो फांदीला पट्टा अडकवायचा, आकडा लावायचा, मला हात करायचा. मी शिट्टी मारायचो. चाचा फांदीचं वजन हळूच घ्यायचे, दादा बुंध्याच्या पलीकडं सरकायचा, मग काप. फांदी तुटून पडायची नाही, नुसती सुटायची आणि तरंगत खाचरात जाऊन बसायची. लोक बांधावर बसून बघत होते. मी मध्येच कुणालातरी सांगितलं, की हे सगळं माझ्या शिट्टीवर चाललंय. त्यांनी मानलंही.

चहा झाला. झाडाचं अर्धं टक्कल झालं होतं. आता घराकडची पहिली फांदी. चाचांनी क्रेनचा हात दुसऱ्या बाजूला फिरवला.

हात फिरला की वजन दुसऱ्या पायावर येतं. ज्या पायांनी सकाळपासून काम केलं होतं ते कातळावर होते. पडवीजवळच्या पायावर अजून काही आलंच नव्हतं.

फांदी सुटली. आणि सुटल्यावर ती तरंगली नाही, वाकली. फांदी नव्हे, क्रेनच वाकली. पडवीजवळचा ठोकळा एका बाजूनं जमिनीत शिरला, मग सगळाच शिरला, आणि सारवणाची गोल चकती त्याच्याबरोबर आत गेली. मी शिट्टी मारली. नंतर सगळे म्हणाले की ऐकू आली. पण वर कटर चालू होता, आणि ऐकू आली असती तरी दादा जाणार कुठं, तो झाडाला बांधलेला. फांदी झोक्यासारखी मागं आली आणि तिचं बूड दादाच्या मांडीवर, बुंध्याला दाबून बसलं.

चाचांनी त्या क्षणाला हूक सोडून दिला. क्रेनला आवरायचं सोडून ओझंच सोडलं. फांदी दादाला खरवडत खाली गेली, पडवीचा पत्रा दुमडत अंगणात आपटली आणि क्रेन, ओझं गेल्यामुळं, कलंडायची ती तशीच तिरकी थांबली. दादा बेल्टावर लोंबकळत राहिला. त्याचं हेल्मेट अंगणात गडगडत रांगोळीवरून गेलं.

बांधावरची माणसं उभी राहिली होती. तेवढ्यात उंबऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला. मोठ्यानं नाही, स्वतःशीच बोलल्यागत.

"तितं गोबरग्यासचा खड्डा व्हता."

दाजी वळून बघायला लागले. त्यांना ठाऊक नव्हतं. ते शाळेसाठी भोरात मामाकडं होते त्या वर्षांत त्यांच्या वडिलांनी तो खणला होता, चालला नाही म्हणून दगडगोटे, भाताचं तूस, मोडकी कौलं घालून बुजवला होता. वर मुरूम, मुरमावर वर्षानुवर्षं सारवण. बहीण लग्न होऊन आली तेव्हा तिथं तुळस होती, ती पुढं हलवली. इतक्या वर्षांत त्यावरून बैलं गेली, लग्नाचे मांडव पडले, काही झालं नाही. क्रेनच्या पायाएवढा जड पाहुणा तिथं कधी आला नव्हता.

"मला कुणी इचारलं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "आन् गड्यांच्यात, तेबी आसल्या दिशी, शेनाच्या खड्ड्याचं कशाला काढायचं."

त्यांच्यावर रागावायला हवं होतं. जमलं नाही. त्यांनी तर अंगण आमच्यासाठीच सारवलं होतं.

दादाला खाली कसं आणलं ते सांगत नाही. चाचा चढले, बांधावरचे दोघं चढले. मी चढलो नाही. घाटातून भोर, भोरातून पुणे. पाय राहिला. राहिला म्हणजे अंगाला लागून राहिला. गुडघा वाकत नाही, खुबा उचलत नाही. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन चालतील. दादानं विचारलं, चढणार कधी. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. अशा प्रश्नांची उत्तरं द्यायला घरात मी आहे, हे त्यांना कुणी सांगितलं असेल कोण जाणे. मी हवापाण्याचं काहीतरी बोललो.

दवाखान्यात दादाच्या खाटेभोवती सगळे चूक मागायला आल्यासारखे येत. चाचा म्हणायचे, पाय माझ्या गाडीचे, खालची जमीन मी बघायला हवी होती. दाजी म्हणायचे, कातळ म्हणून मी सांगितलं. बहीण म्हणायची, सारवायचं मीच काढलं. सासूबाई पिशवीतून तांदळाची भाकरी आणायच्या आणि कोपऱ्यात बसायच्या. दादा म्हणायचा, पहार माझ्या हातात होती. प्रसादासारखी चूक वाटून घ्यायला सगळे पुढं होते. झाड घ्यायला कुणी नव्हतं.

आणि झाड तिथंच होतं. वाटेकडची बाजू सगळी उतरवलेली, घराकडची भरलेली. आधी ते नुसतं झुकलेलं होतं, आता त्याला तिकडून धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं. बहिणीची दोरी पुन्हा सैल झाली. या वेळी तिनं पीळ दिला नाही. धुणं दुसरीकडं वाळत घातलं, पण दोरी तशीच ठेवली आणि रोज सकाळी तिचा झोल बघायची.

मी फिरलो. आयुष्यात एवढा मी कधी फिरलो नव्हतो, वेल्ह्यापासून पुण्यापर्यंत. झाडं उतरवणारे जे जे माहिती होते त्यांना घेऊन आलो. ते यायचे, बुंधा ठोकायचे, वर बघायचे, मोबाईलमध्ये फोटो काढायचे आणि चहा न घेता जायचे. माणसाला वर नेणारी पाळणावाली गाडी घेऊन एकजण आला, अंगणातला खड्डा बघून गाडीतून उतरलाच नाही. हायड्रावाला दोस्त म्हणाला, मी येतो, फक्त वर चढायला माणूस द्या. माणूसच तर नव्हता. एक शहरातला तज्ज्ञ आला. सज्जन माणूस. सगळं नीट बघून म्हणाला, आधी घर काढून घ्या, मग झाड सहज पाडता येईल. मी त्याला म्हणालो, साहेब, डोकं काढलं की डोकेदुखीही जाते. तो हसला. मलाही हसू आलं, आणि गाडीत बसल्यावर ते कुठं गेलं कळलं नाही.

मे महिन्यात दादा घरी आला. ओट्यावर खुर्ची टाकून बसायचा. एक दिवस चाचा आले होते, बहीणही आली होती. दादानं विषय काढला. म्हणाला, पाय वाकत नाही तर नाही वाकत, हात तर चालतात. मला क्रेनच्या हुकाला बेल्टानं लावा, वर न्या, मी कापतो. क्रेन वाटेवरच उभी करा, पहार मी स्वतः मारतो.

चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मानूस हुकाला लावायचा नसतो, दादा. तुमीच शिकवलंय मला."

"तवा पाय व्हता माझा."

"म्हणून तर आता न्हाईच."

दादा बहिणीकडं वळला. तिच्याशी तो लहानपणापासून हुकमानं बोलतो. म्हणाला, की घर तुझं आहे, तू सांग चाचांना. तिनं त्याच्या गुडघ्यावरची चादर सारखी केली.

"घर गेलं तर जाऊ दे," ती म्हणाली. "म्या दोन भाव घेऊन सासरी आले व्हते. येक तर चढतच न्हाई. दुसरा बी खाली बसला. आता कुणाला वर धाडू नगंस."

मी तिथंच बसलो होतो. माझ्यावरचा विनोद होता, मी हसायला हवं होतं.

पाऊस यायच्या आधी त्यांनी घर सोडलं. आमच्या गल्लीतच एक खोली मिळाली. गुरं शेजाऱ्यांकडं ठेवली. सासूबाई निघायला तयार नव्हत्या. त्या म्हणाल्या, माझ्यावर पडलं तर पडू दे, मी म्हातारी. दाजींनी त्यांना अक्षरशः उचलून टेम्पोत बसवलं. जाताना त्यांनी उंबरा सारवला.

हिर्डोशीचा पाऊस ज्यानं बघितला नाही त्याला सांगून उपयोग नाही. त्या पावसाळ्यात रोज सकाळी बहीण शेजारणीला फोन लावायची आणि पहिला शब्द एकच, की झाड आहे का. आहे, शेजारीण म्हणायची. घर? तेही आहे. वारं सुटलं की बहीण भोरातल्या खोलीत उठून बसायची, जणू इथून ती त्याला धरणार होती. झाड पडलं नाही. गणपती झाले, दसरा झाला, पडलं नाही. गावातली माणसं बोलायला लागली, की उगाच भ्याले, सोन्यासारखं घर सोडून भाड्याच्या खोलीत जाऊन बसले. दाजींनाही तसं वाटायला लागलं असावं. पण दादानं शेजारणीकडून दोरीचा झोल किती आहे विचारून घेतला आणि नकाराची मान हलवली. परतले नाहीत.

एक गोष्ट आमच्यातल्या कुणाच्याच ध्यानात आली नाही, आणि घरात सगळे बांधकामाचे, झाडांचे, पावसाचे जाणते. दरवर्षी उन्हाळ्यात दाजी कौलं चाळायचे. फुटलेलं काढायचं, सरकलेलं बसवायचं. त्या वर्षी बेहड्याखाली छपरावर चढायला त्यांना आम्हीच मना केलं. पुढच्या वर्षीही केलं. क्रेन कलली त्या दिवशी पडवीचा पत्रा दुमडताना वरच्या कौलांच्या दोन-चार ओळी हलल्या होत्या, तिथून पाणी आत जात राहिलं. चूल पेटत नव्हती, धूर नव्हता, वाशांना ऊब नव्हती. मातीत रचलेली भिंत दोन पावसाळे पाणी पीत राहिली.

दुसऱ्या पावसाळ्यात श्रावणात सकाळी फोन आला. या वेळी शेजारणीनंच केला होता. बहिणीनं सवयीनं विचारलं, झाड?

"झाड हाय," शेजारीण म्हणाली. "घर बसलं."

आम्ही सगळे गेलो. चाचांनीच त्यांच्या टेम्पोतून नेलं, कारण दादाला पाय लांब करून बसायला पुढची सीट लागते. मागची भिंत आत आली होती, तिच्याबरोबर आढं, आढ्याबरोबर सगळं. कौलांच्या ढिगाऱ्यावर बेहडा अर्ध्या अंगानं उभा, ओला, हिरवागार. एक फांदी मोडलेली नव्हती. सासूबाई वाटेतच दगडावर बसल्या आणि उठल्या नाहीत.

दादा टेम्पोतून उतरला नाही. काच खाली करून झाडाकडं बघत राहिला. मग मला म्हणाला, की आता क्रेन नको, चढणारा नको, कुणीच नको. बुडाला काप द्यायचा, दोर लावायचा आणि घराच्या बाजूला ओढायचं. खाली आता मोडायला काय आहे. एका सकाळचं काम. तूसुद्धा करशील.

मी बहिणीला ते जाऊन सांगितलं. ती ढिगाऱ्यातून धड कौलं वेचून बाजूला लावत होती. कशासाठी लावत होती, तिलाही ठाऊक नसावं.

"आता कशाला?" ती म्हणाली.

मी दादाकडं बघितलं. त्यानं काच वर केली होती. पाऊस भुरभुरत होता. चाचा खड्ड्याच्या कडेला उभे होते, त्यात पाणी साठलं होतं आणि बेडकं होती.

निघताना बहीण बेहड्याजवळ गेली. बुंध्याला बांधलेली धुण्याची दोरी तिनं सोडली. दुसरं टोक पडवीच्या खांबाला होतं, आणि खांब ढिगाऱ्याखाली. तिनं ओढून बघितली, येईना. मी ओढली, मलाही येईना. मग चाचांनी कौलं बाजूला केली, दाजींनी वासा उचलून धरला, आणि तिनं गाठ सोडवून दोरी काढून घेतली. कोपरावर गुंडाळली, चिखल पुसला आणि पिशवीत टाकली. भोरातल्या खोलीला बांधायला जागा नाही, हे मी बोललो नाही. दोरी चांगली होती.